संस्थेचे नियम बदलण्याआधी परत गेलेल्यांची वही घाला

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका तालमीच्या मागं आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याचं शेड आहे. आम्ही रुग्णोपयोगी साहित्य देतो. वर-खाली होणारी कॉट, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, बेडपॅन. घरात आजारी माणूस आहे अशा कुणीही यावं, थोडी अनामत ठेवावी, गरज संपली की वस्तू आणून द्यावी आणि अनामत घेऊन जावी. ३१ वर्षं बँकेत काढून मी निवृत्त झाले आणि २०१७ साली या संस्थेची चिटणीस झाले. वर्षभरात मी संस्था सुधारली. त्या सुधारणेनं काही घरांचं नुकसान झालं आणि ते मला दीड वर्ष कळलंसुद्धा नाही.

तुम्हाला नुकतंच एखाद्या ट्रस्टवर, अन्नछत्रावर, वसतिगृहावर घेतलं असेल आणि तिथला कारभार बघून हात शिवशिवत असतील, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. माझा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. पद्धत चुकली. कुठं चुकली आणि आता आम्ही काय करतो, ते सांगते.

मी काय केलं

माझ्या आधी सगळं तात्या बघायचे. शाहू मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर संस्थेत आले. पगार घेत नव्हते. त्यांची लाल कापडी बांधणीची चोपडी होती. त्यातली नोंद अशी असायची: "कॉट. वडणग्याची म्हातारी. जावई रिक्षावाला, गंगावेस. २००." पत्ता नाही, फोन नाही, सही नाही. शेडची किल्ली त्यांच्या घरी. रात्री अकराला कुणी कडी वाजवली तरी उठून जायचे.

पहिल्याच महिन्यात मी साठा मोजला. देणगीच्या पावत्यांप्रमाणे व्हीलचेअर हव्या होत्या ३१. शेडमधल्या आणि चोपडीतल्या मिळून भरल्या १९. बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तरी आम्ही तो सापडेपर्यंत उठायचो नाही, आणि इथं लोकांनी आईबापांच्या नावानं दिलेल्या १२ खुर्च्यांचा पत्ता नव्हता. मला झोप लागली नाही.

कार्यकारिणीत ठराव झाला. कॉट आणि एअर बेडची अनामत २०० वरून ३,००० रुपये. आधारची झेरॉक्स. डॉक्टरची चिठ्ठी. १०० रुपयांच्या स्टँपवर हमीपत्र. ३० दिवसांची मुदत, पुढं दिवसाला २० रुपये दंड. वेळ सकाळी दहा ते एक, रविवारी बंद. तात्यांच्या जागी पगारी क्लार्क आणि टेबलावर कॉम्प्युटर. ठरावाला एकाचाही विरोध नव्हता.

वर्ष संपलं तेव्हा एकही वस्तू गहाळ नव्हती. ऑडिटरनी कौतुक केलं. शेडमध्ये कॉट रांगेनं उभ्या, पुसलेल्या, नंबर टाकलेल्या. मी त्या रांगेचा फोटो काढून सगळ्या विश्वस्तांना पाठवला. इतक्या कॉट शेडमध्ये आहेत म्हणजे तितक्या कुणाच्या घरात नाहीत, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

ऑगस्ट २०१९

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टात पाणी पन्नाशीच्या वर गेलं. आंबेवाडी, चिखलीकडची माणसं बाहेर काढून शाळांत, मंगल कार्यालयांत ठेवली होती. आम्ही चादरी घेऊन एका कार्यालयात गेलो.

हॉलच्या कोपऱ्यात एक म्हातारी सतरंजीवर कुशीवर निजली होती. पाठीशी जुन्या लुगड्याच्या घड्या खोचलेल्या. लेक ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती. मी चादर द्यायला वाकले आणि माकडहाडाशी जखम दिसली. लिंबाएवढी, कडा काळ्या पडलेल्या, आत पिवळट. वास येत होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेडमध्ये हवा आळीपाळीनं भरत-सुटत राहते, त्यामुळं एकाच जागेवर भार राहत नाही. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये सात एअर बेड पडून होते.

मी लेकीला म्हणाले, "अगं, आमच्याकडं एअर बेड मिळतो. मंगळवार पेठेत संस्था आहे आमची."

तिनं मान वर केली नाही. "आलतो की मावशी तुमच्यात. उन्हाळ्यात. चिठ्ठी मागितलासा. चिठ्ठी भावाकडं, भाऊ इचलकरंजीला. स्टँप मागितलासा, तीन हजार मागितलासा. दोन हेलपाटं घातलं. मग बसलो घरात."

तिच्या आवाजात राग नव्हता. आम्ही एअर बेड त्याच संध्याकाळी टेम्पोनं आणून दिला. म्हातारी दिवाळीपर्यंत होती. जखम भरली नाही.

त्या दिवशी परत येऊन मी संस्थेच्या कॉम्प्युटरवर शोधलं. ती लेक दोनदा आली होती, पण तिची एकही नोंद नव्हती. वस्तू नेणाऱ्याची नोंद ठेवायला चौदा रकाने होते. न घेता गेलेल्याची नोंद ठेवायला मी जागाच केली नव्हती.

सगळ्यात आधी ही वही

म्हणून तुमच्या हातात संस्था आली की पहिले तीन महिने एकही नियम बदलू नका. फक्त न घेता परत गेलेल्यांची वही घाला. साधी दोनशे पानी. पाच रकाने: तारीख, गाव किंवा गल्ली, काय मागितलं, का दिलं गेलं नाही, आणि इथं यायला कुणी सांगितलं. नाव विचारू नका. नाव विचारलं की माणूस आखडतो आणि "बघून येतो" म्हणून निघून जातो.

"का दिलं नाही" या रकान्यात आपला शब्द लिहू नका, त्यांचा लिहा. आमचा क्लार्क सुरुवातीला "कागदपत्रे अपूर्ण" असं लिहायचा. त्यातून काही कळत नाही. "आधार गावात, गाव चंदगडला" असं लिहिलं की कळतं. "मालक कामावर, सहीला कोण नाही" असं लिहिलं की कळतं.

बंद वेळात येणाऱ्यांचं काय? आम्ही समोरच्या चहावाल्याकडं दुसरी वही ठेवली. तो चार वाजता आलेल्याला चहा देता देता विचारायचा आणि लिहून ठेवायचा. पहिल्या महिन्यात त्याच्या वहीत आमच्यापेक्षा जास्त ओळी होत्या. गगनबावड्याहून, म्हणजे पंचावन्न किलोमीटरवरून, एसटीनं येणारा माणूस आधी दवाखान्यात पेशंटला डबा देणार, डॉक्टर राउंडला येईपर्यंत थांबणार, मग आमच्याकडं. तोवर एक वाजून गेलेला असतो. दहा ते एक ही वेळ मी माझ्या सोयीनं ठरवली होती.

दार सगळ्यांना उघडं आहे असं आपण म्हणतो, पण आत कोण पोचतंय हे मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्या कोल्हापुरातच याचा मोठा दाखला आहे. १८९६ साली राजर्षी शाहू महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. नियमात कुणालाच मज्जाव नव्हता. तरी थोड्याच वर्षांत तिथं जवळजवळ ब्राह्मण मुलंच उरली. महाराजांनी नियमाकडं बोट दाखवून समाधान मानलं नाही, आत कोण राहतंय ते पाहिलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना यातल्या काही इमारती अजून दिसतात. मी आयुष्यभर त्या रस्त्यानं गेले आणि माझ्या संस्थेत मात्र आत कोण पोचतंय हे बघायचं राहिलं.

जुन्या माणसापाशी बसा

तात्यांना आम्ही काढलं नव्हतं. शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला होता. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत, इतकंच. पूर ओसरल्यावर मी त्यांच्या घरी गेले. गॅलरीत चटई टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी त्या १२ व्हीलचेअरचं विचारलं. हे मी अडीच वर्षं आधी विचारायला हवं होतं.

"हरवल्या म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला, ताई? जिथं पायजेत तिथं हायत."

आणि ते बोटं मोजत सांगायला लागले. एक कागलकडच्या पोराकडं, त्याचे स्नायू वर्षागणिक लुळे पडत चाललेत, त्याला ती जन्मभर लागणार. एक एका शाळेत, पोलिओच्या मुलीला वर्गात न्यायला. दोन शाहूवाडीकडच्या एका देवळात, तिथून आसपासच्या चार वाड्या आळीपाळीनं नेतात, आणि चाक मोडलं तर तिथलाच सायकलवाला बसवून देतो. एक राधानगरीला. असं करत नऊ खुर्च्यांचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. तीन खरंच गेल्या होत्या, आणि त्या कुणी विकल्या तेही त्यांना ठाऊक होतं.

मी ज्याला गळती म्हणत होते, ती आमच्या संस्थेची लांबवर पोचलेली शाखा होती. तिला भाडं नाही, पगार नाही. ठरावानंतर मी सरसकट पत्रं पाठवली होती आणि त्यातल्या दोन खुर्च्या परत आल्या होत्या. त्यातली एक त्या शाळेतली होती, दुसरी त्या देवळातली.

तेव्हा जुन्या माणसाला भेटाल तेव्हा "तुम्ही काय काम करता" असं विचारू नका. तो म्हणेल, "काय न्हाई, किल्ली सांभाळतो." हे विचारा: शेवटचं नियम मोडून कुणाला दिलंत, आणि का? कुणाला नाही म्हणालात? वस्तू देताना तोंडानं काय सांगता? रात्री कोण येतं? तात्या एअर बेड देताना पेशंटला चादरीनं कुशीवर कसं वळवायचं ते तिथल्या बाकड्यावर स्वतः आडवं होऊन दाखवायचे. कॉट नेणाऱ्याला "जिना केवढा हाय?" विचारायचे. आमच्या नव्या फॉर्मवर जिन्याचा रकाना नव्हता, आणि शिवाजी पेठेतल्या अरुंद जिन्यांवरून दोन कॉट खालूनच परत आल्या.

हे त्यांच्यासमोर बसून लिहून घ्या. एका बैठकीत होत नाही. मला पाच वेळा जावं लागलं, आणि पहिल्या दोन वेळा ते फक्त पावसाबद्दल बोलले.

ओझं कुणाच्या डोक्यावर जातंय

आता नियम. प्रत्येक नव्या नियमाला एकच प्रश्न लावा: याचं ओझं संस्था उचलते की येणारा माणूस? साठ्याला नंबर टाकणं, पावती फाडणं, महिन्याला फोन करून विचारणं, हे ओझं संस्थेचं आहे. असे नियम बिनधास्त करा. झेरॉक्स, स्टँप, अनामत, वेळ, हे ओझं त्याचं. त्याच्या घरात माणूस पडून आहे. तिथं दहादा विचार करा.

"फुकट दिलं की किंमत राहत नाही, नाममात्र तरी घ्या" हे आपल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. मीही म्हणायचे. माझी भाची अर्थशास्त्र शिकवते, तिनं मला केनियातला एक अभ्यास समजावून सांगितला. २०१० साली प्रसिद्ध झालेला. तिथं गरोदर बायकांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या काही दवाखान्यांत फुकट दिल्या, काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन. किंमत शून्यावरून ६० अमेरिकन सेंटवर गेली की घेणाऱ्यांचं प्रमाण टक्केवारीत ६० अंकांनी घसरलं. आणि ज्यांनी पैसे मोजले त्या मच्छरदाणी जास्त वापरत होत्या, असंही दिसलं नाही. म्हणजे त्या थोड्या पैशांनी किंमत कळली नाही, माणसं मात्र गळली. अनामत परत मिळते हे खरं, पण ज्याच्याकडं आज ३,००० नाहीत त्याला ती महिन्यानं परत मिळणार याचा काय उपयोग?

दंडाचं तर वेगळंच झालं. २० रुपये रोजचा दंड लावल्यावर गरिबांनी घाबरून वस्तू लवकर आणून दिल्या, काहींनी तर पेशंटला अजून लागत असताना. आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी खुर्ची ठेवूनच घेतली. राजारामपुरीतल्या एका घरी फोन केला तर म्हणाले, "दंड लावा की मॅडम, बाहेर भाडं जास्त आहे." आधी तात्यांचा निरोप गेला की माणूस ओशाळायचा, दुसऱ्या कुणाला लागत असेल म्हणून आणून द्यायचा. मी त्या ओशाळण्याला दर लावला. भाचीकडं याचाही दाखला होता, २००० साली प्रसिद्ध झालेला. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरातून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढून टाकल्यावरही ते प्रमाण खाली आलं नाही. दंड लावण्याआधी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. काही नियम मागं घेतले तरी त्यांनी मोडलेलं परत जुळत नाही.

आणि एकदा स्वतः चालून बघा. मी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला उतरून, हातात पिशवी घेऊन, आपल्याच संस्थेची कॉट मागायला निघाल्यासारखी निघाले. झेरॉक्स, स्टँप विक्रेत्याची रांग, मग परत पेठेत. साडेतीन तास. माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं, तरी मी दमले.

ठराव लिहिताना

ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्त बदलले तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मोठ्या गोष्टींना कायद्यानं असा अडसर घातलाय. "अनामत ३,००० करावी" या ठरावाला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. पाच मिनिटांत होतो आणि वर्षानुवर्षं राहतो. म्हणून त्याला अडसर आपणच घालायचा.

आम्ही आता ठरावाच्या पोटातच तीन गोष्टी लिहितो. नियम आधी एकाच वस्तूला लागू, बहुधा वॉकरला, कारण वॉकर नाही मिळाला तर माणूस अडतो पण सडत नाही. सहा महिन्यांनी नियम आपोआप रद्द. ठेवायचा असेल तर नवा ठराव करावा लागेल. आणि थांबायचा आकडा: परत गेलेल्यांच्या वहीत महिन्याला अमुक ओळींपेक्षा जास्त झाल्या, तर बैठकीची वाट न बघता चिटणीसानं नियम थांबवावा. हा आकडा नियम लागू व्हायच्या आधी लिहा. नंतर लिहायला बसलात तर आपण केलेल्या नियमाची बाजू घेतच आकडा ठरतो.

जुनं होतं ते सगळं चांगलं होतं, असं मात्र माझं म्हणणं नाही. तात्या देणगी घेऊन पावती द्यायचे नाहीत, "विश्वास हाय की" म्हणायचे. पावती द्यायलाच हवी. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी आयकराच्या सवलतीला चालत नाही, हे देणाऱ्याला सांगायला हवं. परत आलेली गादी धुऊन, वाळवूनच पुढं द्यायला हवी. आधी ती तशीच जायची. या सुधारणा मी आजही रेटून करेन. यातली एकही करताना दारात आलेल्या माणसाला जास्तीचा हेलपाटा पडत नाही.

मागं फिरायचं असेल तर

नुसता नियम रद्द करून भागत नाही. "तिथं कागद लागतात" ही बातमी गावोगाव पोचलेली असते आणि "आता लागत नाहीत" ही पोचत नाही. आम्ही जुना नियम डिसेंबर २०१९ मध्ये काढला, तरी पुढचे तीन महिने येणारे वाढले नाहीत. मग मी आणि क्लार्क, दोघं गंगावेस, बिंदू चौक, स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना एकेकाला भेटलो, कारण तात्यांकडं माणसं तिथूनच यायची. दवाखान्यातल्या आया आणि वॉर्डबॉयना सांगितलं. शाहूवाडीच्या देवळात मी स्वतः खुर्ची घेऊन गेले आणि पुजाऱ्यांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि खुर्ची ओसरीत जिथं पूर्वी असायची तिथंच ठेवली. शाळेतल्या मुलीनं मात्र मधल्या काळात शाळा सोडली होती. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले. ती परत गेली नाही.

आता आमच्याकडं फॉर्म पाच ओळींचा आहे, त्यात जिन्याची ओळ आहे. अनामत ज्याला जमेल तेवढी. कागद नसेल तर ओळखीच्या एका माणसाचा फोन नंबर पुरतो, मग तो रिक्षावाला असला तरी. तात्या आता थकलेत, पण शनिवारी सकाळी येतात आणि नव्या पोरांना कूस बदलायला शिकवतात. गेल्या वर्षी चार वस्तू परत आल्या नाहीत. आम्ही ताळेबंदात तशी ओळ घातली आहे आणि ऑडिटरना समजावून सांगितलं आहे.

वही अजून चालू आहे, चौथी. महिन्याच्या बैठकीत जमाखर्चाच्या आधी ती मोठ्यानं वाचायची, सगळ्या ओळी, वेळ कितीही लागो. ती टेबलाच्या खणात ठेवू नका. दाराशी, बाहेरच्या बाजूला, खिळ्याला अडकवा आणि पेन दोरीनं बांधा, म्हणजे आत न येता परत फिरणाऱ्यालाही लिहिता येईल.